आधी मोजा, मग सोल्डर मारा

हैदराबादचे अशहर फरहान हौशी रेडिओच्या जगात व्हीयू२ईएसई या कॉल साइनने ओळखले जातात. २००३ च्या सुमारास त्यांनी एका ट्रान्सीव्हरचा आराखडा सगळ्यांसाठी खुला केला आणि त्याला नाव दिलं बिटएक्स. १४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर सिंगल साइडबँड, म्हणजे एसएसबी पद्धतीने बोलणारा हा साधारण ६ वॉटचा संच होता. त्यातले सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज सापडावेत अशा बेताने निवडलेले होते. टोरॉइडच्या कड्या मिळत नाहीत ना, मग नळाच्या वॉशरवर कॉइल गुंडाळा, इतका तो साधेपणा. २०१६ अखेर ७ मेगाहर्ट्झसाठी तयार बोर्डाच्या रूपात बिटएक्स ४० आला. २०१७ अखेर ३ ते ३० मेगाहर्ट्झचा सगळा शॉर्टवेव्ह पट्टा सांभाळणारा मायक्रोबिटएक्स आला. हजारो हौशी मंडळींनी हे संच घेतले आणि अनेकांनी त्यात काहीतरी बदलायला घेतलं.

बदल करणं सोपं आहे. त्यातून सुधारणा झाली की बिघाड, हे ओळखणं अवघड. म्हणून आधी सिग्नल कोणत्या वाटेने जातो ते पाहू आणि मग एकेक टप्पा हाती घेऊ.

एकच वाट, दोन दिशा

बिटएक्स ४० मध्ये अँटेनाकडून आलेला ७ मेगाहर्ट्झचा सिग्नल आधी बँडपास फिल्टरमधून जातो. पुढे मिक्सरमध्ये त्याची गाठ फ्रीक्वेन्सी बदलता येणाऱ्या ऑसिलेटरशी, म्हणजे व्हीएफओशी पडते. व्हीएफओ ४.८ ते ५ मेगाहर्ट्झच्या दरम्यान फिरतो, आणि त्याची व सिग्नलची बेरीज १२ मेगाहर्ट्झच्या आसपास येते. तिथे क्रिस्टलचा फिल्टर बसलेला असतो. तो जेमतेम आवाजाच्या रुंदीइतकी फट ठेवतो आणि शेजारच्या स्टेशनांना बाहेर काढतो. त्यानंतर डायोडच्या जोडीत १२ मेगाहर्ट्झच्या स्थिर ऑसिलेटरशी, म्हणजे बीएफओशी, सिग्नल मिसळला की माणसाचा आवाज सुटा होतो. एलएम ३८६ ही ऑडिओ चिप तो स्पीकरपर्यंत पोचवते.

बोलताना हाच प्रवास उलटा होतो. माइकचा आवाज त्याच डायोडच्या जोडीत शिरतो, त्याच क्रिस्टल फिल्टरमधून एक साइडबँड तेवढी बाहेर पडते, तोच मिक्सर तिला ७ मेगाहर्ट्झवर आणतो आणि तोच बँडपास फिल्टर तिला गाळतो. मधले अँप्लिफायर दोन्ही दिशांचे आहेत: पाठीला पाठ लावलेले दोन ट्रान्झिस्टर, ऐकताना एकाला वीज आणि बोलताना दुसऱ्याला. घाटातल्या अरुंद रस्त्यावर एका बाजूची वाहनं थांबवून दुसऱ्या बाजूची सोडतात, तसाच हा कारभार.

सुधारणा करणाऱ्याने लक्षात ठेवायची मुख्य गोष्ट यातूनच येते. या संचात ऐकण्यासाठी केलेला बदल बहुतेक वेळा बोलण्यालाही लागू होतो. रिसीव्हर खणखणीत करायला एखादा भाग बदलला आणि ट्रान्समीटर बिघडला, असं इथे सहज घडतं. म्हणून प्रत्येक बदल दोन्ही दिशांनी तपासावा लागतो.

हाताशी काय हवं

महागडी प्रयोगशाळा लागत नाही. मल्टिमीटर हवा. ७ मेगाहर्ट्झ ऐकू शकणारा एखादा एसडीआर, म्हणजे संगणकावर चालणारा रिसीव्हर हवा, म्हणजे आपलाच सिग्नल संगणकाच्या पडद्यावर दिसतो. आणि ५० ओहमचा डमी लोड हवाच. १ किलोओहमचे २० रेझिस्टर समांतर जोडले की बरोबर ५० ओहम होतात. प्रत्येक १ वॉटचा घेतला तर सगळे मिळून २० वॉट पचवतात. रेझिस्टर कार्बन किंवा मेटल फिल्मचे घ्यावेत. तारेचे वेटोळे असलेले चालत नाहीत, कारण ते या फ्रीक्वेन्सीला कॉइलसारखे वागतात.

डमी लोडला एक डायोड आणि एक कपॅसिटर लावला की मल्टिमीटरच वॉटमीटर होतो. मिळालेल्या शिखर व्होल्टेजचा वर्ग करून १०० ने भागायचा. २६.५ व्होल्ट दिसले तर साधारण ७ वॉट. डायोडवर पडणारा अर्ध्या-पाऊण व्होल्टचा फरक आधी मिळवून घ्यावा.

पहिला बदल मात्र कुठलंही मोजमाप न करता करावा: वीज येते त्या वायरीत २ अँपिअरचा फ्यूज, आणि फ्यूजच्या पुढे धन-ऋण टोकांमध्ये उलटा लावलेला जाडसर डायोड. बॅटरी चुकून उलटी जोडली गेली तर फ्यूज जातो, बोर्ड वाचतो.

फ्रीक्वेन्सी: सरकणारी आणि टिकटिकणारी

सुरुवातीच्या संचांत व्हीएफओ कॉइल आणि कपॅसिटरचा होता. खोली तापली की कॉइल तापते आणि फ्रीक्वेन्सी सरकते. समोरच्याचा आवाज हळूहळू बदकासारखा होऊ लागतो. यावर उतारा म्हणून राडुइनो नावाची छोटी पाटी आली. तिच्यावर आर्डुइनो नॅनो आणि एसआय ५३५१ ही चिप असते. चिप २५ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवरून हवी ती फ्रीक्वेन्सी तयार करते, त्यामुळे सरकण्याचा प्रश्न जवळजवळ मिटतो.

तो मिटताना दोन नवे प्रश्न मात्र उभे राहतात. पहिला कॅलिब्रेशनचा. क्रिस्टलमध्ये दशलक्षात १० भागांची चूक असेल, तर ५ मेगाहर्ट्झवर ती ५० हर्ट्झ होते. कानाला एवढा फरक कळतो. आपल्याकडे ७.२ मेगाहर्ट्झच्या वर शॉर्टवेव्ह प्रसारण केंद्रं आहेत आणि त्यांच्या कॅरिअरची फ्रीक्वेन्सी काटेकोर असते. असं एखादं केंद्र लावावं, डायल नेमक्या आकड्यावर आणावी आणि शिट्टीचा सूर उतरत उतरत शून्यावर येईपर्यंत प्रोग्रॅममधला सुधारणेचा आकडा बदलत जावा. बीएफओचा आकडाही बरोबर असावा लागतो, नाहीतर एकाची चूक दुसऱ्याच्या नावावर जमा होते.

दुसरा प्रश्न टिकटिकीचा. ट्यूनिंगचा नॉब फिरवला की स्पीकरमध्ये टक्-टक् असा आवाज येतो. नॅनो प्रत्येक वेळी चिपला नवा आकडा पाठवते, डिस्प्ले बदलते, आणि ते झटके विजेच्या वायरीतून ऑडिओत शिरतात. त्यासाठी राडुइनोला वेगळा रेग्युलेटर द्यावा, त्याच्या आधी ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा, आणि पाटी पातळ पत्र्याच्या डबीत बसवून डबी जमिनीला जोडावी. थोडं काम प्रोग्रॅममध्येही करता येतं: फ्रीक्वेन्सी बदललेली नसेल तर चिपला आणि डिस्प्लेला उगाच काही पाठवायचं नाही.

रिसीव्हर: वाढवायचं काय, कमी करायचं काय

नव्या माणसाला वाटतं की रिसीव्हरला आणखी एक अँप्लिफायर जोडला की दूरची स्टेशनं येतील. त्याआधी एक चाचणी करावी. अँटेना काढून आवाज ऐका, मग अँटेना जोडा. जोडताच खरखर स्पष्ट वाढली, तर रिसीव्हरची संवेदनशीलता पुरेशी आहे. ७ मेगाहर्ट्झवर आकाशातून आणि आसपासच्या एलईडी दिव्यांतून, चार्जरमधून येणारा गोंगाट संचाच्या स्वतःच्या गोंगाटापेक्षा कितीतरी मोठा असतो. अशा वेळी पुढे अँप्लिफायर लावला तर स्टेशन आणि गोंगाट दोन्ही सारखेच वाढतात. शिवाय शेजारच्या प्रसारण केंद्राच्या जोरामुळे मिक्सर गुदमरतो. उलट अँटेनाच्या वाटेवर ६ ते १० डेसिबलचा अटेन्युएटर लावून पाहावा. रात्री पुष्कळदा त्यानेच ऐकणं सुधारतं.

या रिसीव्हरची खरी उणीव वेगळी आहे: त्यात एजीसी, म्हणजे सिग्नलच्या जोरानुसार आवाज आपोआप आवरणारी सोय नाही. हजार किलोमीटरवरचा कोणी कुजबुजल्यासारखा येत असतो. हेडफोनचा आवाज वाढवून आपण त्याला ऐकत असतो, आणि त्याच क्षणी पलीकडच्या गल्लीतला हौशी रेडिओवाला बोलतो. कान बधिर होतात. एजीसीची रचना अशी: ऑडिओतला थोडा भाग घ्या, डायोडने तो एकदिश करा आणि त्यावर एक कपॅसिटर भरा. त्या व्होल्टेजने छोटा मॉसफेट उघडू द्या. सिग्नल जितका मोठा, तितका तो मॉसफेट त्यातला हिस्सा जमिनीकडे वळवतो.

कपॅसिटर भरायला डायोडची वाट आहे, म्हणून तो झटकन भरतो. रिकामा व्हायला मोठा रेझिस्टर आहे, म्हणून तो सावकाश रिकामा होतो. १० मायक्रोफॅरड आणि १०० किलोओहम यांचा गुणाकार १ सेकंद येतो. बोलताना दोन शब्दांच्या मध्ये गोंगाट उसळून येऊ नये, इतका हा वेळ पुरतो. मोर्स ऐकणाऱ्याने तो कमी करावा.

मॉसफेट बसवायचा कुठे? व्हॉल्यूमपाशी बसवला तर जोडायला सोपा, कान वाचतात, पण आधीचे टप्पे मोठ्या सिग्नलने विस्कटतच राहतात. अँटेनापाशी बसवला तर सगळा रिसीव्हर वाचतो. मात्र तो ऐकणं-बोलणं बदलणाऱ्या रिलेच्या फक्त ऐकण्याच्या बाजूला हवा. बँडपास फिल्टरच्या दुहेरी वाटेत घातला तर बोलताना आपलाच सिग्नल तो खाईल.

खस्स अशा आवाजाचा उगम बऱ्याचदा एलएम ३८६ मध्ये असतो. या चिपच्या १ आणि ८ क्रमांकाच्या पायांमध्ये १० मायक्रोफॅरड लावला की तिची वाढ २० पटीवरून २०० पटीवर जाते आणि खसखसही त्याच प्रमाणात वाढते. तो कपॅसिटर काढून तिच्या आधी एक कमी गोंगाटाचा ट्रान्झिस्टर टप्पा द्यावा, आणि ३ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं एका साध्या रेझिस्टर-कपॅसिटरने कापावं. क्रिस्टल फिल्टरने एवढीच रुंदी पाठवलेली असते, त्यामुळे तिच्या पलीकडे गोंगाटाशिवाय काही नसतंच.

क्रिस्टल फिल्टर: हात जपून

फिल्टरची रुंदी त्यातल्या कपॅसिटरवर ठरते. जमिनीकडे जाणारे कपॅसिटर मोठे केले की फट अरुंद होते. गर्दीत अरुंद फट बरी वाटते, पण त्याबरोबर फिल्टरचा इम्पिडन्सही बदलतो. दोन्ही टोकांचे अँप्लिफायर तेच राहिले तर फटीच्या माथ्यावर लाटा उठतात आणि आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. आणि हा फिल्टर दोन्ही वाटांवर असल्याने तसाच आवाज समोरच्यालाही ऐकू जातो.

रुंदीपेक्षा बीएफओची जागा नीट करणं जास्त फायद्याचं. अशा शिडीच्या रचनेतल्या फिल्टरची वरची कड खालच्या कडेपेक्षा तीव्र असते. ७ मेगाहर्ट्झवर प्रथेप्रमाणे खालची साइडबँड वापरतात, आणि या संचात मिक्सर साइडबँड उलटी करत नाही. म्हणून बीएफओ वरच्या कडेच्या किंचित पलीकडे बसतो, आणि तीव्र कड नको असलेल्या बाजूला आयतीच मिळते. तो फार दूर गेला तर आवाज पातळ, फार आत आला तर आवाज घुमतो आणि कॅरिअर गळू लागतो. एसडीआरच्या पडद्यावर हे स्पष्ट दिसतं: साइडबँड ३०० हर्ट्झच्या आसपास सुरू होऊन २७०० च्या जवळ संपली की जागा ठीक.

फिल्टर नव्याने बांधायचा असेल तर एकाच गठ्ठ्यातले दहा-वीस क्रिस्टल आणावेत. प्रत्येकाला त्याच ऑसिलेटरमध्ये लावून फ्रीक्वेन्सी मोजावी आणि एकमेकांपासून १०० हर्ट्झच्या आतले निवडावेत. वेगळा पडलेला एखादा बीएफओसाठी कामाला येतो.

ट्रान्समीटर: आधी शुद्ध, मग मोठा

माइकसमोर गप्प राहून पीटीटी, म्हणजे बोलण्याचं बटण दाबावं. एसएसबीमध्ये अशा वेळी हवेत काहीच जायला नको. एसडीआरवर तरीही रेघ दिसली तर कॅरिअर गळतो आहे. मूळ आराखड्यात त्यासाठी एक प्रीसेट आणि एक ट्रिमर आहे. दोन्ही आळीपाळीने फिरवत रेघ तळाला न्यावी. त्यातही डायोडची जोडी जुळलेली असली तर काम निम्मं होतं. मल्टिमीटरच्या डायोडच्या खुणेवर पाच-दहा डायोड तपासून सारखं व्होल्टेज दाखवणारे दोन निवडावेत. डायोड बोटांत धरून मोजू नयेत. एका अंश सेल्सिअसला साधारण २ मिलिव्होल्टचा फरक पडतो.

माइकच्या वायरीतून स्वतःचाच सिग्नल परत आत शिरला की आवाज फाटतो. शील्ड असलेली वायर, माइकच्या टोकाशी एक नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि एक फेराइटचा मणी, एवढ्याने हे थांबतं.

शेवटच्या टप्प्यावर आयआरएफ ५१० हा मॉसफेट आहे. तो मुळात वीज चालू-बंद करण्यासाठी बनवलेला, रेडिओसाठी नव्हे. स्वस्त आणि चिवट, म्हणून हौशी मंडळींचा लाडका. त्याचा गेट २ ते ४ व्होल्टच्या दरम्यान कधीतरी उघडतो आणि प्रत्येक नगाचा आकडा वेगळा असतो. त्यामुळे मित्राच्या संचातल्या प्रीसेटची जागा बघून आपला लावणं बरोबर नाही. डमी लोड जोडावा, पॉवर अँप्लिफायरच्या वायरीत अँपिअर मोजायला मीटर लावावा, प्रीसेट शून्यावर आणून गप्प राहून पीटीटी दाबावं आणि प्रवाह ८० ते १०० मिलिअँपिअरने वाढेपर्यंत प्रीसेट हळूहळू फिरवावा. याहून कमी ठेवला तर आवाज कडेला फाटतो, जास्त ठेवला तर मॉसफेट नुसताच तापतो. आणि तापला की त्याचा गेट आणखी लवकर उघडतो, प्रवाह वाढतो, तो आणखी तापतो. म्हणून दोन मिनिटं बोलून झाल्यावर प्रवाह पुन्हा पाहावा.

बिटएक्स ४० मध्ये या टप्प्याला वेगळी वीज देण्याची सोय आहे. तिथे २४ व्होल्ट दिले तर ७ वॉटचे २० वॉटपर्यंत होतात. मोठा हीटसिंक लागतो, आणि मॉसफेटचा पत्रा आतून ड्रेनला जोडलेला असल्याने मध्ये अभ्रकाची चकती लागते. ती बसवल्यावर मल्टिमीटरने खात्री करून घ्यावी. बाकीच्या बोर्डाला मात्र १२ व्होल्टच. पण एवढ्या खटाटोपाची कमाई किती? ७ चे २० वॉट म्हणजे साडेचार डेसिबल. समोरच्याच्या मीटरवर एक एस युनिट ६ डेसिबलचं धरतात, म्हणजे काटा पुरता एक घरही हलत नाही. २० मीटर लांबीचा साधा डायपोल गच्चीच्या कठड्यावरून उचलून १० मीटर उंचीवर नेला तर फायदा बहुधा याहून जास्त होतो, आणि तो ऐकण्यातही मिळतो.

मायक्रोबिटएक्सने शिकवलेलं

३ ते ३० मेगाहर्ट्झ एकाच संचात आले तेव्हा नवे पेच आले. पहिला म्हणजे वरच्या पट्ट्यांवर पॉवर घसरते. आयआरएफ ५१० च्या गेटची धारिता १८० पिकोफॅरडच्या आसपास असते. ३.५ मेगाहर्ट्झला ती सुमारे २५० ओहमचा अडथळा दाखवते, २८ मेगाहर्ट्झला जेमतेम ३२ ओहम. म्हणजे ड्रायव्हरवरचा भार जवळजवळ आठपट होतो. इथे माइक वाढवून पॉवर भरून काढायला गेलं की सिग्नल फाटतो. त्याऐवजी ड्रायव्हरच्या टप्प्यांत वरच्या फ्रीक्वेन्सीला थोडी जास्त वाढ देणं बरं.

दुसरा पेच हार्मोनिकचा, म्हणजे मूळ फ्रीक्वेन्सीच्या पटीत उमटणाऱ्या नको असलेल्या सिग्नलांचा. पॉवर अँप्लिफायरनंतर चार लो पास फिल्टर होते आणि रिले त्यांतला एक निवडायचे. २०१८ मध्ये वापरणाऱ्यांनी स्पेक्ट्रम तपासला तेव्हा दिसलं की फिल्टर चांगले असूनही हार्मोनिक बाहेर पडत आहेत. फिल्टरचं आत येणारं आणि बाहेर जाणारं टोक एकाच रिलेच्या शेजारशेजारच्या संपर्कांवर होतं. त्या संपर्कांतल्या धारितेतून सिग्नल फिल्टरला वळसा घालून जात होता. अमेरिकेच्या नियमानुसार असे नको असलेले अंश मूळ सिग्नलच्या किमान ४३ डेसिबल खाली हवेत, म्हणजे १० वॉटला अर्धा मिलिवॉट. कोणी रिले बदलले, कोणी फिल्टरसाठी वेगळी पाटी केली, आणि पुढच्या आवृत्तीत मांडणीच बदलली गेली.

तिसरा पेच आकडेमोडीचा. या संचात सिग्नल आधी ४५ मेगाहर्ट्झवर नेतात. २८ मेगाहर्ट्झवर बोलायचं तर ऑसिलेटर ७३ वर असतो. पण ४५ मेगाहर्ट्झच्या अँप्लिफायरवर जोर पडला की त्याचा दुप्पट, म्हणजे ९० मेगाहर्ट्झचा अंश तयार होतो. ९० मधून ७३ गेले की उरतात १७. हा नको असलेला सिग्नल २८ च्या खाली येतो, त्यामुळे लो पास फिल्टर त्याला हसतमुखाने सोडतो. बाहेर कितीही फिल्टर लावले तरी उपयोग नाही. उपाय उगमापाशीच हवा: मिक्सरच्या आधी ९० मेगाहर्ट्झ अडवायचे आणि माइकचा जोर बेताचा ठेवायचा.

कामाचा क्रम

एका वेळी एकच बदल. बदलाआधी चार आकडे वहीत: गप्प असतानाचा प्रवाह, डमी लोडवरची पॉवर, अँटेना जोडल्यावर वाढणारी खरखर, आणि एसडीआरवर कॅरिअर किती खाली आहे. बदलानंतर तेच चार आकडे पुन्हा. एखादा सुधारला आणि दुसरा बिघडला, तर सौदा परवडतो का याचा विचार करावा. काढलेला भाग पाकिटात घालून वर तारीख आणि बोर्डावरची जागा लिहून ठेवावी. भाग परत बसवण्याची वेळ येते.

प्रसारण करण्यासाठी आपल्याकडे हौशी रेडिओचालकांची एएसओसी परीक्षा आणि केंद्र सरकारच्या डब्ल्यूपीसी विभागाचा परवाना लागतो. ७ मेगाहर्ट्झवर आपली हद्द ७.० ते ७.२. हा परवाना घरी संच बांधायची आणि बदलायची मोकळीक देतो. हवेत काय जातं याची जबाबदारीही तोच आपल्यावर टाकतो. म्हणून नवा बदल डमी लोडवर तपासून झाल्याशिवाय अँटेना जोडू नये. आणि चारही आकडे समाधानकारक असतील, समोरचे आवाज स्वच्छ आहे म्हणत असतील, तर त्या संध्याकाळी संच उघडू नये. सीक्यूची साद द्यावी.